आब्रुत्सोचं पुरुमेंत

मे महिना अर्धा सरला की गोव्यातल्या घरोघरी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, लगबग सुरू होते. सुकी सुंगटं, खारे बांगडे, भिंडाची सोलं, उन्हात खडखडीत वाळवलेल्या मिरच्या, चिंच, कुळीथ, अळसांदे, मिठातली तोरं, सगळं पाऊस लागायच्या आत डब्या-बरण्यांत जाऊन बसतं. पुढचे तीन-चार महिने समुद्र बंद, वाटा चिखलाच्या, म्हणून आधीच तजवीज करायची. इटलीच्या मधल्या पट्ट्यात, रोमच्या पूर्वेला, आब्रुत्सो नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. त्याचं खाणंपिणं समजून घ्यायचं असेल तर गोव्याच्या माणसाला हा एक शब्द पुरतो. पावसाच्या जागी बर्फ ठेवा, म्हणजे तिथल्या स्वयंपाकाचा अर्थ लागायला लागतो.

आपल्याकडे किनाऱ्यावरच्या हॉटेलांत इटालियन म्हणून जे मिळतं त्यात क्रीम, मैद्याचा पांढरा सॉस आणि भरपूर वितळलेलं चीज असतं. आब्रुत्सोच्या गावातल्या घरात यातलं काहीही नाही. गहू, मेंढीचं दूध, वाळवलेली कडधान्यं, अंडी, ऑलिव्हचं तेल आणि डोंगरात उगवणारा पाला एवढ्यावर तिथला संसार चालायचा. म्हणूनच तो आपल्या स्वयंपाकघरात आणता येतो. महागड्या आयात बाटल्यांनी भरलेली टोपली लागत नाही. कुठली गोष्ट कशासाठी घातली आहे, एवढं नीट कळलं पाहिजे.

प्रदेशाची ठेवण आधी सांगते. ग्रान सास्सो हा आपेनाइन पर्वतातला सर्वांत उंच डोंगरभाग, त्याचं कोर्नो ग्रांदे हे शिखर २९१२ मीटर. तिथून एड्रियाटिक समुद्र पन्नास किलोमीटरच्या आत. सत्तरीच्या घाटाखालून मिरामारला यायला जेवढं अंतर पडतं, साधारण तेवढ्यात बर्फ आणि वाळू दोन्ही. शिखराच्या पायथ्याशी काम्पो इम्पेरातोरे हे विस्तीर्ण पठार आहे, सोळाशे ते अठराशे मीटर उंचीवरचं, झाड असं जवळजवळ नाहीच, नुसतं गवत. प्रदेशात तीन राष्ट्रीय उद्यानं आहेत आणि त्यातलं सर्वांत जुनं १९२३ पासूनचं. जगात फक्त याच भागात उरलेलं मार्सिकन अस्वल तिथे आहे. त्यांची संख्या पन्नास-साठच्या आसपास, म्हणजे एकेका पिल्लाची नोंद ठेवावी लागते.

या गवतावर मेंढ्या जगल्या आणि मेंढ्यांवर माणसं. पण बर्फ पडलं की पठार सहा महिने बंद. मग मेंढपाळ शरद ऋतूत कळप घेऊन दक्षिणेला पुल्याच्या सपाट मैदानात उतरायचे आणि मे महिन्यात परत वर यायचे. ज्या वाटांनी ते जात त्यांना त्रात्तुरो म्हणतात. आब्रुत्सोतलं लाक्विला ते पुल्यातलं फोज्जा ही सर्वांत लांब वाट २४४ किलोमीटरची आणि तिची रुंदी तब्बल १११ मीटर. एवढी रुंदी का, तर चालता चालता मेंढ्यांना चरता आलं पाहिजे. वाट म्हणजेच कुरण. १४४७ मध्ये नेपल्सचा राजा आल्फोन्सो याने मेंढ्यांवरच्या कराचं खातं काढलं आणि या वाटांच्या हद्दी कायद्याने आखल्या गेल्या. विसाव्या शतकात हे स्थलांतर जवळपास थांबलं. २०१९ मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

कळपाबरोबर पुरुष जायचे, गावात राहायच्या बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. आब्रुत्सोच्या स्वयंपाकाचे दोन भाग इथे पडतात. वाटेवरचं जेवण म्हणजे चीज, शिळी भाकरी पाण्यात शिजवून केलेली पेज, आणि एखादी मेंढी पाय मोडून पडली तर मोठ्या हंड्यात तासन् तास शिजवलेलं तिचं मांस. घरचं जेवण म्हणजे बायकांनी साठवणीतून उभं केलेलं सगळं. मला या दुसऱ्या भागाबद्दल जास्त लिहायचं आहे, कारण खरी कसब तिथे आहे.

आधी चीज. मेंढीच्या दुधाच्या चीजला पेकोरिनो म्हणतात. ग्रान सास्सोच्या पूर्व उतारावर फारिंदोला गाव आहे, तिथलं पेकोरिनो दोन बाबतींत वेगळं. एक, ते परंपरेने बायकाच करतात. दुसरं, दूध विरजायला वासराचं किंवा कोकराचं रेनेट (जठरातून मिळणारं, दूध फाडणारं विरजण) न वापरता डुकराच्या जठराच्या अस्तरापासून केलेलं रेनेट वापरतात. ते अस्तर स्वच्छ करून मीठ आणि व्हिनेगर किंवा पांढरी वाइन यांत मुरवून ठेवतात. चीज कमीत कमी चाळीस दिवस मुरवतात, वरून तेल चोळत राहतात म्हणजे साल तडकत नाही. शाकाहारी घरांसाठी मुद्दाम सांगते: पारंपरिक पेकोरिनो प्राण्याच्या रेनेटचं असतं. आपल्याकडे घेताना पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून मायक्रोबियल रेनेटचं कडक चीज घ्या, खालच्या कृतीला ते चालतं.

चीज काढल्यावर जी निवळी उरते ती पुन्हा तापवून रिकोत्ता करतात. रिकोत्ता शब्दाचा अर्थच दुसऱ्यांदा शिजवलेलं. इथे आपल्याकडे नेहमी एक घोटाळा होतो. पनीर केल्यावर उरलेलं पाणी तापवून त्यातून रिकोत्ता निघेल असं वाटतं, आणि तासभर गॅस जाळूनही हाती चमचाभर गाळ येतो. कारण साधं आहे. पनीरसाठी आपण दूध उकळतो. उकळताना निवळीतली प्रथिनं केसीनला, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाला, चिकटतात आणि आम्ल घातल्यावर त्याच्याबरोबरच फाटून बाहेर पडतात. पाण्यात काही राहतच नाही. रेनेटने चीज करताना दूध पस्तीस अंशांच्या आसपास ठेवतात, त्यामुळे ती प्रथिनं निवळीत शाबूत राहतात आणि नंतर ऐंशी-नव्वद अंशांना तापवली की दह्याच्या कवडीसारखी वर तरंगून येतात. घरी रेनेटचं चीज करत नसाल तर रिकोत्ताच्या वाटेला न गेलेलं बरं. ताजं, मऊ, कमी दाबलेलं पनीर तेवढ्यापुरतं कामाला येतं.

पाल्लोत्ते काचो ए ओवे

नावाचा अर्थ चीज आणि अंड्याचे गोळे. मांस परवडत नव्हतं त्या घरांतला हा पदार्थ, शिळ्या ब्रेडवर उभा असलेला. गोव्यात तो जमलाच पाहिजे, कारण इथे पोदेर, म्हणजे पाववाला, अजून सायकलवरून दारात येतो आणि काल संध्याकाळचा पाव प्रत्येक घरात उरतो.

चार माणसांना २०० ग्रॅम किसलेलं कडक चीज, २०० ग्रॅम शिळ्या पावाचा चुरा, चार-पाच अंडी, लसणीची एक पाकळी ठेचून, मूठभर पार्सली बारीक चिरून, मिरपूड. पार्सली नसेल तर कोथिंबीर घालू नका, तिचा वास चीजला दाबून टाकतो. थोडी कोवळी सेलरीची पानं चालतील. मीठ चीज चाखून मगच.

पाव कुठला घ्यायचा यावर बरंच अवलंबून आहे. उंडो सर्वांत चांगला. वरचं कडक कवच काढायचं आणि आतला गर हाताने कुस्करायचा. कातरोही चालतो. मऊ चौकोनी पाव घेतला तर तो दोन दिवसांचा हवा, नाहीतर मिश्रण चिकट होतं. पोयेतला कोंडा गोळ्याला फोडतो, म्हणून ती नको. कांकणं इतकी कोरडी की अंड्याचं सगळं पाणी पिऊन गोळे दगडासारखे होतात. बाजारचा पाकिटातला ब्रेडक्रम्ब याच कारणाने टाळायचा. चुरा हातात दाबला तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचलं तर सुटावा, इतपत ओलसर पाहिजे.

चीजच्या बाबतीत, प्रोसेस्ड चीज वापरू नका. त्यात सलग वितळण्यासाठी क्षार घातलेले असतात, तेलात गेल्यावर ते पातळ होऊन वाहतं आणि गोळा आतून पोकळ राहतो. नुसतं पनीरही नको, ते वितळत नाही आणि चवीला सपाट लागतं. कडक मुरलेलं चीज थोडं कमी पडत असेल तर पाव भाग पनीर किसून मिसळा, त्याहून जास्त नको.

चीज आणि चुरा आधी एकत्र करा, अंडी एकेक करून फोडा. चार अंड्यांनंतर थांबून मिश्रण हातात घ्या. गोळा वळून ताटलीत ठेवल्यावर हळूहळू जरासा बसला पाहिजे. अजिबात बसला नाही तर अर्धं अंडं फेटून घाला, पसरला तर चुरा वाढवा. मग झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये. ही विश्रांती गाळली की चुरा आतपर्यंत भिजत नाही आणि तळताना गोळे तडकतात. हाताला तेल लावून पिकलेल्या भिंडाएवढे गोळे वळायचे, थोडे चपटे करायचे.

तेल मध्यम तापलेलं हवं, १७० अंशांच्या आसपास. थर्मामीटर नसेल तर पावाचा तुकडा टाकून बघा, तो साधारण पाऊण मिनिटात सोनेरी झाला पाहिजे. तेल जास्त तापलं तर वरून लगेच लाल होतं, आतलं अंडं कच्चं राहतं आणि हेच गोळे नंतर सॉसमध्ये फुटतात. पहिल्यांदा एकच गोळा तळून मोडून बघा. आत स्पंजसारखी जाळी दिसली तर प्रमाण बरोबर आहे.

सॉस साधा. ७०० ग्रॅम पिकलेले टोमॅटो, अर्धा कांदा, थोडी ढोबळी मिरची, तेल, मीठ. टोमॅटो शिजून गळले की गोळे सोडायचे आणि मंद आचेवर वीस मिनिटं ठेवायचे. सॉस आपल्याला वाटतो त्यापेक्षा पातळ लागतो, कारण गोळे तो पितात. गॅस बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवा. या वेळात ते फुगतात आणि सुरीशिवाय चमच्याने कापता येतील इतके मऊ होतात. दुसऱ्या दिवशी जास्त चांगले लागतात.

तारांवर कापलेली शेवई

शिरवाळ्यांचा लाकडी साचा आपल्याकडे अजून बऱ्याच घरांत माळ्यावर असतो. आब्रुत्सोच्या घरात त्या जागी कितार्रा असते. कितार्रा म्हणजे गिटार. लाकडी चौकटीवर एकमेकींच्या जवळ, ताणून बसवलेल्या पोलादी तारा, खाली उतरती फळी. लाटलेली पोळी तारांवर पसरायची, वरून लाटणं दाबत फिरवायचं, मग तारांवर बोटं फिरवली की कापलेल्या शेवया खाली घरंगळतात. साच्यातून दाबून काढलेली शेवई गोल आणि गुळगुळीत होते. तारेने कापलेली चौकोनी होते, तिच्या बाजू खरबरीत राहतात आणि सॉस तिथे धरून बसतो. म्हणून पोळीची जाडी दोन तारांमधल्या अंतराएवढीच हवी, साधारण अडीच-तीन मिलिमीटर. पातळ लाटली तर चपट्या फिती निघतात, जाड लाटली तर तारा आत उतरतच नाहीत आणि जोर लावला की तुटतात.

तिथलं प्रमाण शंभर ग्रॅम पिठाला एक अंडं. पीठ ड्युरम गव्हाचं, बारीक दळलेलं. आपला नेहमीचा बारीक रवा यासाठी भरड पडतो. बन्सी गहू हा ड्युरमच, म्हणून बन्सी रवा आणून मिक्सरवर पुन्हा फिरवायचा आणि मैद्याच्या चाळणीने चाळायचा. तसं ३०० ग्रॅम पीठ आणि १०० ग्रॅम मैदा, चार अंडी. आपल्याकडचं अंडं लहान असतं, त्यामुळे एक-दोन चमचे पाणी लागेल, पण ते शेवटी, आणि हातावर घेऊन. दहा-पंधरा मिनिटं जोर लावून मळायचं. हे पीठ पुरीच्या पिठापेक्षा घट्ट हवं. सुरुवातीला भेगाळलेलं दिसतं, तिथे घाबरून पाणी ओतलं की संपलं. झाकून अर्धा तास ठेवलं की ते आपोआप मऊ होतं.

गोव्यातली अडचण दमट हवेची आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत लाटलेली पोळी सुकतच नाही, तारांत अडकते आणि शेवया एकमेकींना चिकटून गठ्ठा होतो. त्या दिवसांत पाणी अजिबात घालू नका, लाटलेली पोळी पंख्याखाली वीस मिनिटं ठेवा, दोन्ही बाजूंना रवा भुरभुरा आणि मगच तारांवर घाला. कापल्यावर लगेच शिजवा. दिवसभर वाळत ठेवण्याचा मोह पावसाळ्यात नको, अंड्याचं पीठ आहे, आंबतं आणि बुरशी धरतं. उपकरण पाण्याने कधीच धुवायचं नाही. कोरड्या ब्रशने झाडायचं आणि कापडात गुंडाळून ठेवायचं, नाहीतर लाकूड फुगून तारा ढिल्या पडतात. कितार्रा नसेल तर पोळी तेवढीच जाड लाटून, रवा लावून, सैल गुंडाळून धारदार सुरीने तेवढ्याच रुंदीची कापा. चौकोनी काप मिळाला की निम्मं काम झालं.

तेरामोकडे या शेवयांवर चण्याएवढ्या मांसाच्या गोळ्यांचा टोमॅटो सॉस घालतात. पाव किलो खिमा दोनदा सुरीने बारीक करून, मीठ आणि किसलेलं जायफळ, बस. गोळ्या खरोखरच चण्याएवढ्या करायच्या. तासभर बसावं लागतं, म्हणून लोक मोठ्या करतात आणि मग प्रत्येक घासात गोळी येत नाही. शेवया भरपूर मिठाच्या पाण्यात चार-पाच मिनिटं. निथळून ताटात घेऊन वर सॉस ओतण्यापेक्षा सॉसच्या कढईतच मिनिटभर परता, त्यांचं पिठूळ पाणी थोडं घालून. क्रीम लागत नाही ते या पाण्यामुळे.

केशर, मिरची आणि मेंढीच्या काड्या

नावेल्लीच्या पठारावर केशर होतं. लाक्विलाच्या केशराला २००५ मध्ये संरक्षित नामांकन मिळालं. काश्मीरमध्ये कंद तीन-चार वर्षं किंवा जास्त काळ जमिनीत राहतात. इथे ते दर वर्षी उन्हाळ्यात काढतात, निवडतात आणि ऑगस्टमध्ये नव्या वाफ्यात पुन्हा लावतात. मेहनत दुप्पट, पण किडका, सडका कंद तिथेच बाजूला पडतो आणि मोठे कंद मोठी फुलं देतात. ऑक्टोबरच्या मध्यानंतर फुलं येतात. ती पहाटे, उमलायच्या आत खुडतात, कारण ऊन लागून उमललं की तंतू काढताना तुटतात. त्याच दिवशी तंतू वेगळे करून चाळणीवर पसरतात आणि ओक किंवा बदामाच्या लाकडाच्या निखाऱ्यांवर वाळवतात. सहाशे ग्रॅम ओल्या तंतूंचे शंभर ग्रॅम उरतात. एका किलोला दोन लाखांच्या आसपास फुलं लागतात. एवढं करून पिकवणाऱ्यांच्या ताटात केशर फारसं नसायचं, ते विकायचं पीक होतं, आपल्या कुळागरातल्या सुपारीसारखं. वापरताना तंतू कोमट पाण्यात निदान तासभर भिजवा आणि ते पाणी शेवटी घाला. गरम तेलात टाकलं की करपून कडू होतं.

अल्तिनोची गोड लाल मिरची मात्र घरच्या जेवणातलीच. देठात ओवून माळा करायच्या, ओसरीवर टांगायच्या, वाळल्या की कुटायच्या. काणकोणच्या खोल्याच्या मिरचीचं वाळवण पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. फरक तिखटाचा. तिथली पूड रंगासाठी आणि गोडसर वासासाठी असते. आपल्याकडे बी काढलेली काश्मिरी मिरची त्यातल्या त्यात जवळची.

आरोस्तिचीनीबद्दल थोडक्यात: मेंढीच्या मांसाचे सेंटिमीटरभर तुकडे काडीवर, मध्ये मध्ये चरबीचा तुकडा, अरुंद लांबट शेगडीवर. शेगडी अरुंद असते ती काडीचं टोक जळू नये म्हणून. मीठ भाजून झाल्यावर. आधी लावलं तर पाणी सुटतं आणि मांस भाजण्याऐवजी वाफतं. मसाला काहीही नाही. आपल्याला हात आवरणं जड जातं, पण आवरावा.

एक मेचा दिवस

तेरामोमध्ये १ मेला विर्तू नावाचं मोठं पातेलं चुलीवर चढतं. हिवाळ्याच्या साठवणीतलं तळाला उरलेलं प्रत्येक कडधान्य, डुकराच्या हाडाचे आणि खारवलेल्या मांसाचे शेवटचे तुकडे, डब्यांत राहिलेल्या मूठ-मूठ पास्त्याचे सगळे आकार, आणि त्यात नुकत्याच आलेल्या वसंतातल्या ओल्या शेंगा, पालेभाज्या, रानबडीशेप, पुदिना. जुनं आणि नवं एका पातेल्यात. सात प्रकारची सुकी कडधान्यं, सात ताजी, सात भाज्या, असा सातचा हिशेब सांगतात.

आपलं खतखतं लगेच आठवतं. दोन्हींत खूप गोष्टी एकत्र येतात, पण बांधणी वेगळी आहे. खतखत्याला ओलं खोबरं आणि तिरफळ सगळ्यांवर एक चव चढवतात. विर्तूत वाटण नाही, म्हणून प्रत्येक गोष्ट आपापली शिजलेली असावी लागते. सगळं एकदम एका कुकरमध्ये टाकलं की मसुरीचा लगदा होतो आणि चणे कच्चे राहतात. म्हणून कडधान्यं वेगवेगळी शिजवतात आणि शेवटी एकत्र आणतात.

आठ माणसांसाठी पाच कडधान्यं, प्रत्येकी ८० ग्रॅम: काबुली चणे, राजमा, अळसांदे, सुके वाटाणे, मसूर. मसूर सोडून बाकीची रात्रभर भिजवा. टोमॅटो आणि आंबट काहीही कडधान्य पूर्ण शिजल्याशिवाय घालू नका, आम्लाने साल घट्ट होते आणि मग कितीही शिजवा, मऊ होत नाही. लाल भाजी, पालक, थोडी मेथी त्यांच्या कडू पाल्याच्या जागी, गाजर, दोडका, ओले वाटाणे. कांदा आणि सेलरी तेलात परतून भाज्या त्यात घाला, शिजलेली कडधान्यं त्यांच्या पाण्यासकट ओता, शेवटी २५० ग्रॅम मोडका पास्ता, वेगळा अर्धा शिजवून. पुदिना आणि चिमूटभर शेपू उतरवताना. मांस वगळलं तरी चालतं, मग किसलेल्या चीजची साल पातेल्यात टाका, ती रश्याला अंग देते. मला विचाराल तर हे करायला गोव्यात मेचा शेवटचा आठवडा योग्य, गेल्या वर्षीचे डबे रिकामे करून नवीन पुरुमेंत भरण्याआधी.

त्याच तारखेला कोकुल्लो गावात संत दोमेनिकोच्या मूर्तीवर जिवंत साप घालून मिरवणूक निघते. मार्चपासून गावची माणसं डोंगरात साप शोधतात. चार जाती असतात आणि चारही बिनविषारी. हल्ली सर्पतज्ज्ञ प्रत्येक साप तपासून, मापं घेऊन नोंद ठेवतात आणि उत्सवानंतर तो जिथे सापडला तिथे सोडून देतात. पातोळ्यांच्या वासात नागपंचमी करणाऱ्या आपल्या लोकांना हे परकं वाटू नये.

समुद्राकडची बाजू

ओर्तोना ते वास्तोच्या किनाऱ्यावर लाकडी खांबांवर उभे मचाण दिसतात, त्यांना त्राबोक्को म्हणतात. खडकाळ किनाऱ्यावर होडी न घालता तिथूनच मोठं जाळं खाली सोडून वर ओढायचं. वास्तोचा ब्रोदेत्तो हा माशांचा रस्सा मातीच्या पसरट भांड्यात होतो आणि तो करायला डिचोलीच्या कुंभाराकडचं कुंडलं अगदी योग्य. नवं असेल तर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, मग त्यात पेज शिजवून टाकून द्या. गॅसवर ठेवताना खाली जाळी किंवा तवा हवा, आच हळूहळू वाढवायची, एकदम मोठी केली की तळ तडकतो.

सवा किलो मिश्र मासे, अर्धा किलो पिकलेले टोमॅटो, दोन लांब हिरव्या भज्यांच्या मिरच्या, लसणीच्या तीन पाकळ्या, अर्धी वाटी ऑलिव्ह तेल, मीठ. कांदा नाही, पाणी नाही, कोकम नाही, नारळ नाही. आपला हात हुमणाला सरावलेला असतो म्हणून आंबट घालावंसं वाटतं, पण टोमॅटोचा आंबटपणा इथे पुरतो. सगळं कच्चंच एकत्र ठेवून झाकण. टोमॅटो गळले की आधी माणकी, तिला पंधरा-वीस मिनिटं. मग चोणक किंवा तांबोशीचे जाड तुकडे डोक्यासकट, आठ-दहा मिनिटं. रस्सा दाट होतो तो या डोक्या-हाडांतल्या चिकाने, म्हणून नुसते फिले घेऊ नका. शेवटी सुंगटं आणि तिसऱ्या, चार-पाच मिनिटं, तिसऱ्या उघडल्या की उतरवायचं. तिसऱ्या आधी दोन-तीन तास मिठाच्या पाण्यात ठेवून रेती काढलेली हवी. बांगडा, तारली नको, त्यांच्या तेलाचा वास बाकीच्यांवर चढतो. चमचा एकदाही घालायचा नाही. भांडं दोन्ही कानांनी धरून हलवायचं, नाहीतर तुकडे मोडून काट्यांचा गाळ होतो.

यांत्रिक होड्यांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, त्या दिवसांत बाजारात येणारी मासळी बर्फातली किंवा बाहेरची. ब्रोदेत्तोत मसाला नसल्याने शिळा मासा लपत नाही. ऑगस्ट संपेपर्यंत थांबा आणि मग करा. रस्सा उंड्याने पुसून घ्यायचा. वास्तोत त्यातला थोडा मुद्दाम राखून ठेवतात आणि मासे संपले की त्याच भांड्यात मूठभर मोडकी स्पॅगेटी शिजवतात.